आम्ही कर भरला होता

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी धुवायला आलेल्या हॉटेलच्या चादरी उतरवून घेत होतो, तेवढ्यात नगरपालिकेचा शिपाई आला आणि आमच्या दाराला कागद चिकटवू लागला. मी म्हटले, "अहो, इथे जाहिराती लावायच्या नाहीत."

"जाहिरातच आहे. तुमची," तो म्हणाला, आणि बोटाची खळ माझ्याच फडक्याला पुसून निघून गेला.

कागदात लिहिले आहे की या लॉन्ड्रीची यंदाची घरपट्टी थकली आहे. महिनाअखेरपर्यंत ती दंडासह भरली नाही, तर दुकानाला सील लावण्यात येईल. मी पुन्हा पुन्हा वाचले. वाचून 'थकली'चे 'भरली' होत नाही.

घरपट्टी नोव्हेंबरातच भरली आहे. मीच भरली आहे. यंदापासून नगरपालिकेने आपली खिडकी बंद करून ते काम चौकातल्या भरणा केंद्राला दिले, म्हणून तिथे रांगेत उभे राहून भरली. पावतीवर लॉन्ड्रीचे नाव, रक्कम, तारीख, शिक्का, सगळे ठीक आहे. नकलाही काढून ठेवल्या आहेत.

मामांनी नोटीस वाचली, माझ्याकडे पाहिले आणि एक शब्द न बोलता धुलाईच्या ड्रमकडे निघून गेले. ओरडले असते तर बरे झाले असते. माझी शाळा नववीत सुटली तेव्हा त्यांनीच मला इथे आणले. म्हणाले होते, "अक्षर चांगलं आहे तुझं. दुकानाचे कागद तू सांभाळ." तेव्हापासून घरपट्टी, परवाना, विमा सगळे मी बघतो. फक्त पाणीपट्टी मामांची. तिचे पैसे ते स्वतः बांधून देतात, मी नुसता केंद्रात नेऊन देतो.

मामी म्हणाली, "जेवून घे रे राजा. कागदानं कुणी मरत नाही."

"कारकून मरतात," कडक म्हणाली. कडक आमच्याकडे इस्त्री करते. तिच्या कॉलरी कडक आणि बोलणेही, म्हणून ते नाव. मला ती कारकून म्हणते. मी दुर्लक्ष करतो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नगरपालिकेत गेलो. निघताना कडकने माझा शर्ट मागून घेतला आणि त्याला पुन्हा इस्त्री केली. मी सकाळीच केली होती. म्हणाली, "कॉलर मेलीय. असल्या कॉलरशी कुठला साहेब बोलणार?" उगाच विजेचा खर्च.

वसुलीच्या टेबलावर जाड चष्म्याचे एक साहेब बसतात. त्यांनी पावती उजेडाला धरून पाहिली.

"ही पावती कुणाची?"

"केंद्राची."

"आणि पैसे कुणाचे?"

"तुमचे... म्हणजे आमचे. म्हणजे भरेपर्यंत आमचे."

"आमच्याकडे आले?"

"तेच विचारायला आलोय, साहेब."

"नाही आले. मग तू भरलेस कुणाला?"

"केंद्राला."

"मग विचार केंद्राला. पुढचा कोण?"

मी "पण" एवढे म्हणालो आणि पुढचे वाक्य विसरलो. जिना उतरल्यावर आठवले. चांगले वाक्य होते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

भरणा केंद्र. खिडकीवरच्या नेहमीच्या बाई रजेवर आहेत. त्या असत्या तर बोलायला सोपे गेले असते, त्या मला ओळखतात. व्यवस्थापक म्हणाले की केंद्र नगरपालिकेचे, पाणीमंडळाचे, टेलिफोनचे, सगळ्यांचे पैसे घेते आणि ज्याचे त्याला रोज संध्याकाळी एकगठ्ठा पाठवते. त्या दिवसाचा मेळ चोख बसला आहे.

"एक पैसा इकडचा तिकडे नाही. म्हणजे आमच्याकडून गेले."

"कुठे गेले?"

"जिथे जायचे तिथे."

"तिथे पोचले नाहीत."

"ते तिथल्यांना विचारा."

मी म्हटले की तिथल्यांनी इथे पाठवले आहे, आणि मी हललो नाही. हललो नाही कारण पाय हलत नव्हते, पण त्यांना ते ठामपणासारखे दिसले असावे. मग ते म्हणाले की ज्या पैशांचा धनी कळत नाही ते उचंत खात्यात पडून राहतात, तिथे शोधून सांगतो. अर्ज दिला. उचंत खात्यातच असतील. कुणीतरी बिनधनी म्हणून ठेवून दिले असतील, स्टेशनावरच्या बेवारस छत्रीसारखे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आजची बातमी मात्र आनंदाची आहे. पाणीमंडळाची चिठ्ठी आली. पुन्हा एकदा, 'देय रक्कम: शून्य'.

मामांच्या योजनेचा हा विजय आहे. शेवटच्या खंगाळण्याचे पाणी तसे स्वच्छच असते. ते मोरीत न सोडता टाकीत साठवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या धुण्याला वापरायचे. नोव्हेंबरात मामांनी स्वतः नळ्या जोडून हे सुरू केले. डिसेंबरात पहिले शून्य आले तेव्हा त्यांनी ती चिठ्ठी काचेच्या चौकटीत बसवून गल्ल्याच्या वर टांगली. पाठीत उसण भरून गाठोडी उचलायची बंद झाल्यापासून ते उदास बसून असायचे. ही योजना सुचली आणि माणूस पुन्हा शीळ घालू लागला.

आज त्यांनी पाणीपट्टीसाठी काढून ठेवलेले पैसे नेहमीप्रमाणे मामीच्या हातात ठेवले. "घे. पाण्यातून लोणी काढलंय तुझ्यासाठी."

मामीने मूठ मिटली आणि आत गेली. एवढ्या आनंदाच्या वेळी ती अशी गप्प का होते, मला कळत नाही.

समोरच्या 'झटपट लॉन्ड्री'चे मालक योजना पाहायला आले होते. आम्ही त्यांना झटपटकाका म्हणतो. मामांनी त्यांना टाकीच्या दारापर्यंत नेले आणि दार उघडले नाही. "सगळं सांगितलं तर तुम्ही गुरू व्हाल आणि मी चेला," म्हणाले. काका हात चोळत परत गेले.

टाकीजवळची मोरी आजही सकाळी ओली होती. कुठेतरी गळती असावी. प्रत्येक जोड चाचपला, सापडली नाही. मामांना सांगितले नाही. त्यांच्या आनंदात कशाला विरजण?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

उचंत खात्यात नाहीत.

व्यवस्थापकांनी मान हलवून सांगितले. मी आभार मानले. वाईट बातमी दिल्यावर आभार मानायची मला सवय आहे.

परत आलो तर झटपटकाका आमच्या दुकानात उभे. गिऱ्हाईक असताना मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "नोटीस लागली म्हणे? पोरासोरांच्या हातात पैसे दिले की असंच. पावती काय, दारोदार छापून मिळते."

मामा मला म्हणाले, "तू आत जा."

गेलो. लोकांसमोर मी उभा राहिलेलाही त्यांना नको झाला आहे. आतून त्यांचा आवाज चढलेला ऐकू येत होता, पण पिळणी चालू असल्यामुळे शब्द कळले नाहीत. बाहेर आलो तेव्हा काका गेले होते आणि कडक एकटीच हसत होती. मी विचारले, काय झाले. म्हणाली, "काही नाही. तुझ्या मामांनी एका माणसाला न भिजवता धुतला."

जेवलो नाही. मामीने ताट झाकून ठेवले आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पुन्हा नगरपालिका. या वेळी वाक्ये घरून पाठ करून गेलो होतो. चष्म्याच्या साहेबांनी मान वर न करताच विचारले, "परत?"

"हो साहेब."

"पैसे सापडले?"

"नाही. पण नोव्हेंबरात भरलेले पैसे फेब्रुवारीत सापडले, तर ते नोव्हेंबरचे धरणार की फेब्रुवारीचे?"

त्यांनी पहिल्यांदाच चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते बरेच तरुण दिसतात.

"म्हणजे?"

"म्हणजे दंड लागणार की नाही? आम्ही वेळेत दिले. वाटेत कुणी थांबवले असतील, तर दंड वाटेला लावा."

"तू रोज येणार आहेस का इथे?"

"दुपारी येऊ शकतो. दुपारी चादरी नसतात."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसले. साहेबांनी लेखणी उचलली आणि आमच्या कागदावर शेरा लिहिला की नोव्हेंबरचा भरणा सिद्ध झाल्यास दंड रद्द करावा. महिनाअखेरची मुदत मात्र तशीच राहील. सील लावणारे पथक वेगळे आहे, ते कुणाचे ऐकत नाही.

दुकानात आल्यावर कडकने विचारले, "आज कुणाला घाबरवून आलास?"

मी म्हटले, मी कुणाला घाबरवत नाही. ती म्हणाली, "तेच तर. घाबरणाऱ्या माणसाला लोक फार घाबरतात. तो कधी उठून जाईल याचा नेम नसतो." यात काय अर्थ आहे, मला समजले नाही. पण आज जेवलो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

पैसे सापडले! सापडले, सापडले! एरवी मी उद्गारचिन्ह एकच देतो.

दुपारी पाणीमंडळाचा मीटर बघणारा आला. मामांनी त्याचे जावयासारखे स्वागत केले. "या, या! शून्य बघायला आलात ना?"

"मीटर बंद पडलंय का ते बघायला पाठवलंय," तो म्हणाला. "एवढी मोठी लॉन्ड्री आणि डिसेंबरपासून छदाम भरत नाही."

"भरायचं काय? वापरच नाही तर!"

तो मीटरपाशी वाकला आणि म्हणाला, "काका, हे तर घोड्यासारखं पळतंय. गेल्या वर्षी जेवढं पाणी, तेवढंच यंदा."

"मग बिल शून्य कसं येतं?"

"बिल शून्य नाही हो, देणं शून्य. तुमचे पैसे आमच्याकडे आगाऊ जमा आहेत, त्यातून वळते होतायत. नोव्हेंबरात एकदम मोठी रक्कम नाही का भरलीत? आमच्याकडे सगळे म्हणतात, असं गिऱ्हाईक देव सगळ्यांना देवो."

माझ्या हातातली ओली चादर खाली पडली. मामा म्हणत होते, "तुमचं मीटर खोटं बोलतंय," आणि तो म्हणत होता, "मीटरला तोंड नसतं काका," आणि मी चादर तशीच टाकून चौकाकडे धावत सुटलो होतो. याआधी मी भर रस्त्यात कधी धावल्याचे मला आठवत नाही. लोकांनी वाट दिली.

केंद्राच्या खिडकीवर नेहमीच्या बाई रजेवरून परत आल्या होत्या. त्यांना सांगितले तसा त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं आई गं. तुला बघितलं की माझं बोट आपोआप पाणीपट्टीवर जातं रे! इतकी वर्षं तू दुसरं काही आणलंच नाहीस. तू खिडकीशी यायच्या आधीच मी कळ दाबून ठेवते, रांग लवकर सरावी म्हणून."

म्हणून मेळ चोख. म्हणून उचंत खात्यातही काही नाही. पैशांना धनी होता, फक्त तो चुकीचा होता. आणि पावतीवर पट्टी कोणती ते छापतच नाहीत.

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "आता साहेब मला ठेवत नाहीत." मी म्हटले, "बाई, पैसे हरवले नाहीत. चुकीच्या घरी पाहुणे म्हणून राहिलेत. आपण आणायला जाऊ." हे मीच बोललो. माझा माझ्यावर विश्वास बसेना.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पाणीमंडळ. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळे शांतपणे ऐकले, पाणीही विचारले. (त्यांच्याकडचे पाणी चांगले आहे.) पैसे वळवायला त्या तयार आहेत, पण खातेदाराने लिहून द्यायला हवे की जमा रक्कम पाणीपट्टीची नाही, की आमचा पाणीवापर पूर्वीइतकाच आहे, आणि नोव्हेंबरपासूनची पाणीपट्टी आम्ही आता वेगळी भरतो.

"मी आत्ता लिहून देतो," मी म्हटले.

"खातेदार तू आहेस?"

"मामा."

"मग मामांना घेऊन ये. त्यांचं अक्षर, त्यांची सही."

सोपे आहे. उद्याच आणतो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सोपे नव्हते.

मामा म्हणाले, "मी असलं काही लिहून देणार नाही."

"मामा, घरपट्टीचे पैसे आहेत ते."

"घरपट्टीचे असतील थोडे. पण पाणी मी वाचवलंय. अख्ख्या गल्लीला माहीत आहे. आणि मी माझ्या हाताने लिहून देऊ, की वापर पूर्वीइतकाच? त्या मीटरवाल्याच्या शब्दावर?"

"नाहीतर सील लागेल हो."

"लागू दे! खोटं लिहून दुकान वाचवायचं नाही मला."

 मामा खोटे बोलत नव्हते. तेच तर अवघड होते. त्यांना खरेच वाटत होते की एका बाजूला दुकान आहे आणि दुसऱ्या बाजूला खरे बोलणे. मी त्यांच्या जागी असतो तर मीही सही केली नसती.

मामीने पिळणी बंद केली. दुकानात एकदम शांतता झाली.

"अहो, लिहून द्या. ते खरंच आहे."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला नाही कळणार तर कुणाला? टाकीतलं पाणी रोज पहाटे मीच सोडून देते."

मामा टाकीच्या दाराकडे वळले.

"पहिल्याच आठवड्यात हॉटेलच्या चादरी करड्या निघाल्या. त्या पाण्यात साबण राहतो, मळ राहतो. मी पहाटे उठून सगळ्या चादरी ताज्या पाण्यात पुन्हा काढल्या. नाहीतर हॉटेल गेलं असतं हातचं. मग रोज टाकी मोरीत रिकामी करून नळानं भरून ठेवायला लागले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"किती दिवसांनी शीळ घालत होतात," मामी म्हणाली.

कडकने इस्त्री बाजूला उभी करून ठेवली आणि भिंतीकडे तोंड केले.

"मग शून्य आलं तेव्हा तुला काय वाटलं?"

"मीटर बिघडलं असं वाटलं. म्हटलं, आज ना उद्या मागायला येतील." मामी आत गेली आणि खळीच्या डब्यामागून फडक्यात बांधलेले पैसे घेऊन आली. मामांनी दर महिन्याला दिलेले, सगळेच्या सगळे. "न वाचवलेलं पाणी विकून आलेले पैसे खर्चायचे कसे, तुम्हीच सांगा."

मामांनी ते फडके घेऊन गल्ल्यात ठेवले. मग स्टुलावर चढले, पाठीला हात लावत, आणि भिंतीवरची चौकट उतरवली. काचेवरची धूळ बाहीने पुसली आणि ती पालथी घालून तिचाच पाट केला.

"कागद आण रे. काय लिहायचं ते सांग."

मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. 'आमचा पाणीवापर' इथपर्यंत नीट आले आणि लेखणी थांबली.

"'जवळजवळ पूर्वीइतका' असं लिहू का?"

"नाही मामा. 'पूर्वीइतकाच'."

"तू फार कडक आहेस रे," ते म्हणाले आणि लिहिले.

भिंतीकडे तोंड केलेली कडक हसली. कशाला, कुणास ठाऊक.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज मी आणि मामा, दोघे धुतलेले शर्ट घालून तीन कचेऱ्या फिरलो.

वाटेत मामा म्हणाले, "त्या दिवशी तुला आत पाठवलं ते मनाला लागलं ना तुझ्या?"

मी चपलेतला खडा काढायला वाकलो.

"अरे, मला शिव्या द्यायच्या होत्या. तुझ्यासमोर कशा देणार?"

"कुणाला?"

"त्या झटपटला, आणखी कुणाला! म्हणे पावती छापून मिळते. तू कपड्याच्या खुणेवरसुद्धा अनुस्वार देतोस. तू पावती छापणार?"

पुढे चौकापर्यंत मला रस्ता नीट दिसत नव्हता. धूळ फार होती.

पाणीमंडळात मामांनी फडक्यातले पैसे टेबलावर ठेवले आणि लिहिलेला कागद दिला. अधिकारी बाईंनी वाचला आणि सहज विचारले, "वापर कमी करायचा काही प्रयत्न केला होतात का? तशी नोंद करता येते."

 मामांनी कॉलर सरळ केली.

"केला होता. जमला नाही," ते म्हणाले. "पांढऱ्या कपड्याला फसवता येत नाही, बाई."

बाईंनी तिथल्या तिथे सही केली.

केंद्रात व्यवस्थापक म्हणाले की दुरुस्त्या पुढच्या महिन्याच्या पहिल्या यादीत जातात. मी म्हटले की पुढच्या महिन्यात आमच्या दाराला सीलची लाख लागलेली असेल, आणि मग ही यादी घेऊन मला दाराबाहेर उभे राहावे लागेल, आणि मी उभा राहीन. हे मी बसलेल्या आवाजात नव्हे, चांगल्या आवाजात बोललो. मागे रांगेतले लोक ऐकू लागले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "माझेही बघा हो, गेल्या वर्षीचे." दुसरा म्हणाला, "माझेसुद्धा." व्यवस्थापकांना घाम फुटला.

तेवढ्यात खिडकीवरच्या बाई उठल्या. "साहेब, चूक माझ्या बोटाची आहे. सुधारतेही माझंच बोट. आजच्या यादीत टाकते. तुम्ही फक्त हो म्हणा."

त्यांनी हो म्हटले. बाईंनी कळ दाबली. दाबण्याआधी मला बोलावून पडद्यावर दाखवले, की हे बघ, घरपट्टी. मी बघितले. पुन्हा एकदा दाखवा म्हणालो. त्यांनी पुन्हा दाखवले.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

चष्म्याच्या साहेबांनी मला दारातच पाहिले आणि लांबूनच हात वर केला.

"आली! रक्कम आली. नोव्हेंबरच्या तारखेनं आली."

"दंड?"

"दंड वाटेला लावला," ते म्हणाले आणि मोठ्याने हसले. सगळे कार्यालय त्यांच्याकडे बघू लागले, बहुधा साहेबांना हसताना कुणी पाहिले नसावे. "होती कुठे रे इतके दिवस?"

"पाण्यात, साहेब."

थकबाकी नसल्याचा दाखला मिळाला. मी तिथेच वाचला, मग जिन्यात वाचला, मग उन्हात उभा राहून वाचला. काही चूक नाही. एकही नाही.

पथकाला कळवले का, विचारले. साहेब म्हणाले, "कळवलंय, पण त्यांच्याकडे कागद पोचायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. तू दाखला घेऊन दारात थांब."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

पथक आले. गाडी, तीन माणसे, कुलूप, लाख, मेणबत्ती. गल्लीत बातमी आधीच पोचली होती. दुकाने अर्धी टाकून लोक जमले. झटपटकाका सगळ्यांच्या पुढे, नवा कोट घालून, लग्नाला आल्यासारखे.

मामा पुढे जाऊ लागले. मी म्हटले, "मामा, थांबा. कागद माझ्याकडे आहेत."

मी दारात उभा राहिलो. पथकाच्या प्रमुखाने माझ्याकडे न बघताच मेणबत्ती पेटवायला सांगितली. मी म्हटले, "साहेब, आधी हे वाचा, मग पेटवा. मेण फुकट जाईल."

त्याने दाखला वाचला, शिक्का पाहिला, उलटून पाहिला. मागच्या बाजूला काही नव्हते.

"मग आम्ही कशाला आलो?" तो त्याच्या माणसांना म्हणाला.

"चहाला," कडक आतून म्हणाली. "टाकू का?"

गर्दी हसली. पण झटपटकाका मोठ्याने म्हणाले, "सुटले बुवा! चला, योजनेचे वाचलेले पैसे आले वाटतं कामी?"

सगळे मामांकडे बघू लागले. मला काकांचा राग आला आणि मामांची भीती वाटली. ते काहीही सांगू शकले असते. हो म्हणाले असते तरी गल्लीत कुणाला कळले नसते.

मामा पायरीवर आले. "योजनेनं एक थेंब वाचला नाही," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असे. "शून्य आलं ते चुकीनं आलं. माझी योजना बाद आहे, ज्यानं ज्यानं नळ्या जोडल्या असतील त्यानं आजच काढा, चादरी करड्या निघतात. चादरी माझ्या बायकोनं पांढऱ्या ठेवल्या आणि दुकान माझ्या भाच्यानं. मी फक्त शीळ घातली. आता तमाशा संपला. आलातच आहात तर कपडे टाकून जा, आज गिऱ्हाईक कमी आहे."

कुणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी. पथकाने मेणबत्ती खिशात घातली आणि चहा घेतला. प्रमुखाने दुसरा कपही घेतला.

गर्दी पांगली, पण झटपटकाका तिथेच. मान खाली घालून उभे. मग हळूच गल्ल्याजवळ आले आणि मला विचारले, "करड्या निघालेल्या चादरी परत पांढऱ्या होतात का रे?"

मी काही बोलायच्या आत मामी म्हणाली, "किती आहेत?"

"बऱ्याच आहेत हो वहिनी," काका म्हणाले. "दाराच्या फटीतून बघून जेवढं समजलं, तेवढं जोडलं होतं."

मामा हसू दाबायला ड्रमच्या मागे गेले. काका धावत समोर गेले आणि गाठोडी आणू लागले. पहिले, दुसरे, तिसरे. आमच्या दुकानात झटपट लॉन्ड्रीचे कपडे! मी टेबल मोकळे केले, पावतीपुस्तक उघडले, वर त्यांच्या दुकानाचे पूर्ण नाव लिहिले.

"किती दिवस लागतील?" त्यांनी विचारले.

"सोमवारी या," मी म्हटले. आवाज जरासुद्धा कापला नाही. "आणि काका, पावती जपून ठेवा."